केसाच्या बाजूचे टाके

१

कातडं खरवडताना तोंड बंद ठेवावं, असं माझ्या सासूबाईंचं मत. माझं तसं नाही. दिवसभर फळीवर वाकून, दांड्यात बसवलेल्या दगडी पात्याने कातड्याचा बारीक भुसा पाडत बसायचं आणि वर गप्पही राहायचं म्हणजे जरा जास्तच झालं. म्हणून मी बोलत असते. चुलीशी बोलते, मांजराला शिव्या घालते, आणि सासूबाई अर्धं ऐकत नाहीत हे माहीत असून त्यांच्याशीही बोलते.

त्या वर्षी पानगळीला किरीलने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, डोंगरातून कातडी पाठवली होती. त्याच वर्षाच्या पाडसांची, केस आखूड आणि दाट. बरोबर निरोप होता : ‘उस्त्या, नवा अंगरखा शिव. जुन्याचे केस झडलेत, वारा आरपार जातो.’ किरील हरणांच्या कळपावर असतो. बर्फ घट्ट झालं की तो गावात येतो, हिवाळ्याचे कपडे घेतो आणि परत जातो तो थेट वसंतात उगवतो. आमच्या कामचात्काच्या डोंगरात हिवाळ्यात धड अंगरखा नसलेला माणूस एक रात्रही काढू शकत नाही. त्यामुळे काम वेळेत व्हायलाच हवं होतं.

मी कातडी ताणून वाळवली, खरवडली, शिजवलेल्या काळजाचा लगदा चोळून घडी घालून मुरवली, टाचांनी तुडवून मऊ केली. मग आल्डर झाडाच्या सालीचा काढा करून बाहेरची बाजू रंगवली. हात कोपरापर्यंत लाल झाले. सगळ्या घराला तो वास. शेजारीण झिनाईदा दारातूनच नाक मुरडून म्हणाली, “बाई गं, तुझ्या घरात शिरायचं तर आधी देवाचं नाव घ्यावं लागतं.”

“मग घे नाव आणि ये आत,” मी म्हटलं. “चहा तयार आहे.”

आता आमच्या शिवणाचं थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. अंगरखा म्हणजे डोक्यातून घालायचा, पुढे उघडा नसतो. केस आत, कातडं बाहेर. जिवंत माणसाचा असेल तर कातड्याच्या बाजूने शिवतात आणि शेवटी गाठ मारतात. मेलेल्याचा असेल तर केसाच्या बाजूने, बिनगाठीचा. आमच्या कोर्‍याक जमातीतल्या बाया आपला तो कपडा हयातीतच शिवून ठेवतात, पण काखेखाली वीतभर शिवण उघडी सोडतात. माणूस गेला की घरच्यांनी त्याच दिवशी ती शिवून पुरी करायची आणि त्याला घालायचा. आधी पुरी करायची नाही. कारण पुरा झालेला अंगरखा रिकामा राहत नाही, तो आपला माणूस बोलावून घेतो, असं म्हणतात.

सासूबाईंचाही पांढरा अंगरखा पिशवीत तयार होता. मी थट्टा करायचे, “आई, एवढा नक्षीचा शिवलाय, एकदा घालून गावातून मिरवून तरी या.” त्या म्हणायच्या, “फाजीलपणा पुरे.” पण हसायच्या.

माझा या गोष्टींवर विश्वास होता का? खरं सांगायचं तर नव्हता. पण मी त्या पाळत होते. चूल पेटवली की पहिला घास विस्तवात टाकतो, तसंच हे.

२

किरीलचा अंगरखा जवळजवळ झाला होता. डावी बाजू, काखेपासून खाली, तेवढी राहिली होती, कारण तात संपली. तात म्हणजे हरणाच्या पाठीच्या शिरेचा दोरा. शीर वाळवायची, दातांनी चिरायची, तोंडात ओली करून गालावर वळायची. नवी तात वळायची म्हणून मी अंगरखा पुढच्या थंड खोलीत दांडीवर टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आणायला गेले तर काखेखाली चार बोटं शिवण झालेली.

मी म्हटलं, विसरले असेन. कामाच्या रगाड्यात होतं असं. पण अंगठा फिरवला तर बाहेरून टाका लागेना. कडेला कड नुसती चिकटलेली. मी अंगरखा उलटा केला, केस बाजूला सारले. टाके आत होते. बारीक, एकसारखे, एकही केस न अडकवता घातलेले. शेवटी गाठ नव्हती.

आणि तात ओली होती. आत्ताच कोणाच्या तरी तोंडातून निघाल्यासारखी.

मी पटकन बोट मागे घेतलं. मग लगेच राग आला. घरात दोनच माणसं, त्यातली एक मी.

“आई, तुम्ही अंगरख्याला हात लावलात का?”

सासूबाई चुलीपाशी बसून बशीतला चहा ओठांनी ओढत होत्या. त्यांनी बशीवरून मान वर केली आणि दोन्ही हात माझ्यापुढे धरले. त्यांची बोटं केव्हाच वाकडी होऊन तळहाताला टेकली आहेत. “ह्या हातांनी मला बशी धरवत नाही,” त्या म्हणाल्या. “सुई कुठली धरतेय? काय झालं?”

“काही नाही. उंदीर असेल.”

“उंदीर शिवायला लागले का आता?” त्या म्हणाल्या. पण डोळे माझ्या तोंडावरून हलवले नाहीत.

मी चाकूच्या टोकाने ते टाके उसवले, तात चुलीत टाकली आणि तेवढी बाजू माझ्या हाताने, कातड्याच्या बाजूने, घट्ट शिवली. वर दोनदा गाठ मारली.

३

झिनाईदा कळपाच्या ऑफिसात वायरलेसवर असते. रोज सकाळी डोंगरातल्या माणसांशी बोलते आणि गावभर बातम्या वाटते. मी तिच्याकडे गेले ते किरील केव्हा येतोय ते विचारायला. टाक्यांचं सांगायचं नव्हतं, पण माझ्या तोंडाला कुलूप कुठे आहे?

ती खो खो हसली. “अगं, फुकट शिवणारं भूत मिळालंय तर उसवतेस कशाला? माझे बूट पण नेऊन ठेव त्या खोलीत. टाचा उसवल्यात.”

“हसू नको गं. टाके केसाच्या बाजूचे आहेत.”

तिचं हसू जरा कमी झालं. “म्हातारी करत असेल. तिला वाटत असेल ती आपलाच शिवतेय. वय झालं की होतं असं.”

“तिला सुई धरता येत नाही.”

“तुला दिसताना येत नसेल.”

हे मला पटलं. पटावं असं फार वाटत होतं. “बरं, किरील कधी येतोय?”

“हरणं भरकटलीत थोडी. तो हरणं जुंपून बर्फगाडी घेऊन शोधायला गेलाय. आला की पाठवतो म्हणाले.” तिने कागदांच्या गठ्ठ्यात उगाच काहीतरी शोधलं. “वादळ झालं ना मध्ये. पण तुझा नवरा काय कच्चा आहे का?”

“कधी गेलाय?”

“उस्त्या, येईल गं तो.”

घरी येताना माझे पाय भराभर पडत होते. अंगरखा लवकर पुरा करायला हवा, तो येईल आणि लगेच मागेल, एवढंच मी मनाशी म्हणत होते. थंड खोलीचं दार उघडलं. माझी तात जमिनीवर पडली होती. गाठी नीट सोडवलेल्या, तोडलेल्या नव्हेत. आणि शिवण आता कमरेच्या वरपर्यंत आली होती, आतून.

४

मग मी पण इरेला पेटले. ती शिवण उसवून टाकली.

घरात सुई एकच. ती मी झग्याच्या गळ्याशी खोचून ठेवली. तातेची सगळी लड कमरेला बांधली. अंगरखा थंड खोलीतून काढून चुलीच्या खोलीत, माझ्या डोळ्यांसमोर टांगला. सासूबाई माझ्यासमोर, अंगरखा माझ्यासमोर. बघू आता कोण शिवतंय ते.

दुपारी आम्ही दोघी चहा घेत होतो. सुका मासा होता, चरबी होती. बाहेर लख्ख ऊन, बर्फावरून उजेड उसळून आत येत होता. मी काहीतरी बडबडत होते आणि मध्येच थांबले.

कोरड्या कातड्यातून तात ओढली की एक आवाज येतो. चर्र. मग ती ताणून घट्ट करताना अजून एक, बारीक. हा आवाज मी झोपेतसुद्धा ओळखेन. तो येत होता. चर्र. थांबून पुन्हा, चर्र. घाई नव्हती त्यात. सवयीच्या हाताचं काम.

सासूबाईंचे दोन्ही हात मांडीवर होते. अंगरखा दांडीवर सरळ लोंबत होता, जरासुद्धा हलत नव्हता. त्याच्या डाव्या बाजूची फट वरून खाली बघता बघता मिटत चालली होती.

मी ओरडले असेन, कारण मांजर पळालं. मी झडप घालून अंगरखा ओढला, उलटा केला. आत कोणी नाही. कोण असणार? नुसते केस. ओले, थंडगार केस, आणि त्यात ती टाक्यांची ओळ.

मी चाकू काढला.

“उसवू नकोस,” सासूबाई म्हणाल्या.

“का नको?”

“त्याला थंडी वाजतेय.”

“कोणाला?”

“ज्याचा अंगरखा आहे त्याला.”

माझं डोकं फिरलं. “ज्याचा अंगरखा आहे तो डोंगरात हरणं शोधतोय! आई, तो तुमचा मुलगा आहे. जिवंत मुलगा. असं बोलवतं कसं तुम्हाला?”

 त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात वर जात नव्हता. मला त्यांची दया आली आणि त्यांची भीतीही वाटली. तरी मी उसवलं. एकेक टाका उसवताना मी म्हणत होते, किरील जिवंत आहे, किरील जिवंत आहे. जोवर फट उघडी आहे तोवर तो जिवंत आहे.

त्यानंतर मी रोज उसवत होते आणि रोज शिवण परत येत होती. झोप उडाली. हात आपोआप चाकूकडे जायचा. झिनाईदाकडे गेले की ती आधीच मान हलवायची : नाही, अजून नाही.

५

एके दिवशी ती मान न हलवता दारात उभी राहिली.

“आत ये,” ती म्हणाली. ऑफिसात कोणी नव्हतं. वायरलेस खरखरत होता.

“बोल.”

“त्याची बर्फगाडी सापडली. नदीवर. बर्फ फुटलंय तिथे. जुंपलेली हरणं...” तिने तोंडावर हात धरला. “हरणं पाण्यात अडकून मेली. त्याची टोपी काठावर होती. सगळीकडे बघितलं गं त्यांनी. पुढे बर्फाखाली काही दिसत नाही. ते म्हणाले, घरच्यांना सांगा.”

मी खुर्चीवर बसले. रडू आलं नाही. डोक्यात एकच गोष्ट घुमायला लागली : तो इतके दिवस पाण्यात, बर्फाखाली, अंगावर झडलेला जुना अंगरखा. आणि इकडे मी त्याचे टाके उसवत बसले.

“झिना, त्याला थंडी वाजत होती,” मी म्हटलं.

“काय?”

“काही नाही. मी घरी जाते.”

६

सासूबाईंना सांगावं लागलं नाही. माझं तोंड बघून त्यांनी एक लांब श्वास सोडला आणि चुलीकडे तोंड फिरवलं. आमच्यात गेलेल्याचं रडणं मोठ्याने करत नाहीत. त्या नुसत्या पुढेमागे हलत राहिल्या.

अंगरखा पलंगावर होता. सकाळीच उसवलेला, डावी बाजू उघडी. मी त्याच्याशेजारी बसले. “शिव,” मी म्हणाले. “आता नाही उसवत. शिव.”

बराच वेळ काही झालं नाही. खिडकीतून ऊन सरकत पलंगावर आलं. मग लाल कातड्यावर, शिवणीच्या कडेला, एक टिंब उठलं. आतून काहीतरी टोचत होतं. सुईचं टोक बाहेर आलं.

ती पोलादी नव्हती. हाडाची सुई, पिवळट, जाड, तशी सुई आता आमच्याकडे कोणी वापरत नाही. ती अर्धी बाहेर आली आणि थांबली. वाट बघत असल्यासारखी.

“दुसऱ्या बाजूने हात लाव,” सासूबाई पाठ न फिरवता म्हणाल्या. “एकट्याला जमत नसेल त्याला.”

मी सुई धरली. बर्फासारखी गार. ओढली, तात चर्र करत आली, मी ती ताणली आणि सुई पुढच्या जागी परत आत खुपसली. आतून कोणीतरी ती घेतली.

अशी आम्ही शिवण घातली, मी बाहेरून, ते आतून. मी रडत होते आता. किरील, किरील म्हणत होते. त्याला सगळं सांगत होते, घरातलं, मांजराचं, झिनाचं. एकदा सुई द्यायला जरा उशीर झाला तर कातड्याखालून बोटं वर आली आणि माझ्या बोटांना चाचपून गेली. किरीलच्या उजव्या हाताची करंगळी अर्धीच आहे. दोरीत अडकून तुटली होती. मला लागली ती बोटं सगळी पूर्ण होती. लांब होती. हे मला कळलं, पण बुडालेल्या माणसाच्या बोटांचं काय होत असेल ते मला काय ठाऊक, असं म्हणून मी शिवत राहिले.

शेवटचा टाका पडला. सुई आत गेली ती परत आली नाही. अंगरखा पलंगावर सपाट पडला होता. घरात इतकी शांतता झाली की विस्तवाचा आवाज ऐकू यायला लागला.

“झालं,” मी म्हटलं.

“आता ऊब येईल त्याला,” सासूबाई म्हणाल्या.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी झिनाईदा डोक्याला काही न बांधता धावत आली. 

“जिवंत आहे!” ती म्हणाली. “उस्त्या, अगं जिवंत आहे! शिकाऱ्याच्या झोपडीत होता. पाय मोडलाय, पण बाकी धडधाकट. बर्फ फुटलं तेव्हा उडी मारून काठावर आला आणि फरफटत गेला त्या झोपडीपर्यंत. आजच्या हेलिकॉप्टरने आणतायत त्याला. निघालंसुद्धा!” तिने मला मिठी मारली, सासूबाईंच्या गालाचा मुका घेतला आणि तशीच पुढच्या घरी सांगायला पळाली.

मी हसत होते. हसत हसत मागे वळले आणि सासूबाईंचा चेहरा पाहिला.

“मग काल,” त्या म्हणाल्या, “आपण कोणाबरोबर शिवलं?”

अंगरखा होता तिथेच होता. पण सपाट नव्हता. छाती थोडी वर आली होती, आत कोणी श्वास धरून पडावं तशी. किरीलच्या मापाचा, किरीलच्या नावाने बेतलेला, केसाच्या बाजूने शिवलेला, बिनगाठीचा आणि पुरा. आणि किरील जिवंत. घरी येत होता, त्याच्याकडेच.

मी चाकू घेऊन तुटून पडले. शिवण सापडेना. उलटा करायला गेले, उलटा होईना. जिथे डावी बाजू जोडली होती तिथे आता नुसतं सलग कातडं होतं, हरणाच्या अंगावर असतं तसं.

“फाडते मी. सरळ फाडून टाकते.”

“नको!” सासूबाई किंचाळल्या. “तो त्याच्या नावाचा आहे. जसा हा फाडशील तसा किरील फाटेल.”

“मग जाळते.”

“जाळलेलं तिकडे पोचतं. आपण मेलेल्याला कसं पोचवतो? अक्कल कुठे गेली तुझी?”

लांबून हेलिकॉप्टरची घरघर यायला लागली.

“मग काय करू, आई? काय करू मी?”

सासूबाईंनी अंगरख्याकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाल्या, “त्याला रिकामा राहायचं नाहीये ना? मला घाल. माझं झालंय सगळं. घाल लवकर.”

मी क्षणभरही नाही म्हटलं नाही, हे सांगायला लाज वाटत नाही मला. मी त्यांच्या डोक्यावर अंगरखा धरला. पण हात वर केल्याशिवाय तो अंगात जात नाही आणि त्यांचे खांदे कित्येक वर्षांत वर गेलेले नाहीत. मी ओढलं, त्या कळवळल्या, मी अजून ओढलं. त्या म्हणत होत्या, “मोडू दे गं हात, मोडू दे.” गळ्याचं भोक त्यांच्या डोक्यावरून खाली उतरेना. ते नुसतं अडकलं नव्हतं. आतून कोणीतरी ते मिटून धरलं होतं. त्याला म्हातारं माणूस नको होतं.

घरघर गावावर आली, मोठी झाली, थांबली. माणसांचे आवाज आले. त्यात किरीलचा आवाज होता. कोणालातरी शिवी देऊन हसत होता. त्याचा तो आवाज ऐकला आणि माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. मला हा माणूस हवा होता. बाकी काही मला कळत नव्हतं.

मी सासूबाईंच्या डोक्यावरून अंगरखा काढला आणि माझे हात वर केले.

गळा आपणहून मोठा झाला. आत अंधार होता आणि ओले केस तोंडावरून गेले. उजवा हात बाहीत सरळ गेला. डाव्या बाहीत कोणीतरी आधीच होतं. ते सरकलं आणि त्याने मला जागा करून दिली.

८

किरील दोघांच्या खांद्यावर हात टाकून आत आला. दाढी वाढलेली, गाल बर्फाने भाजलेले, पाय फळीला बांधलेला. “वा! मी थंडीने मरतोय आणि बायको माझा नवा अंगरखा घालून चुलीपाशी बसलीये,” तो म्हणाला. “काढ इकडे.”

“नाही काढणार.”

“अगं, माझा आहे ना तो?”

“तुझा नाही. तुला दुसरा शिवते.”

सगळे हसले. सासूबाई हसल्या नाहीत. रात्री झोपताना त्याने थट्टेत अंगरख्याची खालची कड धरून ओढली. माझ्या पाठीचं सालटं निघतंय असं वाटलं आणि मी इतकी ओरडले की त्याने हात सोडला. त्यानंतर त्याने परत ओढलं नाही. तो झिनाला हळूच विचारतो, बुडाल्याची बातमी ऐकून हिच्या मनावर परिणाम झालाय का. झिना म्हणते, होईल बरी. मी त्यांना काही सांगत नाही. तो जेवतो, शिट्टी वाजवतो, मांजराला लाथ मारतो आणि मग त्यालाच मासा देतो. मी त्याच्याकडे बघत राहते. तेवढ्यासाठीच मी आत शिरले. माझ्या पाठीला पाठ लावून जे बसलंय ते गार आहे, पण स्वस्थ असतं. मला वाटलं, त्याचं पोट भरलं.

किरीलचा पाय आता बरा होत आलाय. कळपाकडे जायचं, तर अंगरखा हवाच. शेजारून कातडी मागून आणली, खरवडली, रंगवली. आज सकाळपासून खिडकीपाशी बसून शिवतेय. मी ठरवून कातड्याची बाजू वर घेतली. जिवंत माणसाचा कपडा. प्रत्येक टाक्याला बघत होते, प्रत्येक गाठ मोजून मारत होते. उन्हाने डोळे जरा मिटले असतील. उघडले तेव्हा मांडीवर केसाची बाजू वर होती आणि टाके बारीक पडत होते, एकसारखे, एकही केस न अडकवता. काखेपासून कमरेपर्यंत आले होते. सुई माझ्या डाव्या हातात होती. त्या हाताची बोटं मला माझ्यापेक्षा लांब वाटली.

“उस्त्या, झाला का गं?” किरीलने पलीकडच्या खोलीतून विचारलं. “बाहेर गाडी जुंपतायत.”

“नाही झाला,” मी ओरडले. “थांब! आत येऊ नकोस!”

मी शिवायची थांबले. हात थांबला नाही.